शाळेसाठी रानकंदांची पेटी: मागवावी का, कधी आणि कशी

मे संपत आला की कोल्हापुरातल्या शाळा, हरित सेनेचे शिक्षक आणि हल्ली काही तालीम मंडळंसुद्धा एकच चौकशी करू लागतात: पोरांना पठारावरची फुलं दाखवायची आहेत, कोण नेईल? पन्हाळ्याच्या बाजूच्या गावांतली तरुण मुलं आणि शहरातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी मिळून जी पेटी फिरवतात, ती या चौकशीला मिळणाऱ्या उत्तरांपैकी सगळ्यात कामाची. पत्र्याची एक ट्रंक पंधरा दिवस शाळेत राहते आणि त्या मुदतीत एक दिवस पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फेरी होते. विषय एकच, रानलिली. निकाल आधीच देऊन टाकतो: मागवा. फेरी उत्तम आहे, पेटी बरी आहे, आणि निरोपाला वाटतात ती बियांची आणि कंदांची पाकिटं मात्र नम्रपणे परत करा. कारण पुढे येईलच.

'लिली' म्हणून काय दाखवतात ते आधी समजून घ्यायला हवं. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर अर्थानं लिलियम या प्रजातीची एकही रानटी जात आपल्या सह्याद्रीत नाही. त्यासाठी दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरांत जावं लागतं, नाहीतर थेट मणिपूरला, शिरुई लिलीच्या डोंगरावर. आपल्याकडे लिली म्हणून ओळखली जाते ती जुन्या लिली कुळातली आणि तिच्या शेजारपाजारची कंदवाली मंडळी: कळलावी, गडंबी कांदा, रानकांदा, सफेद मुसळीच्या जाती, काळी मुसळी, भुईचक्र, डिपकाडी, पांढऱ्या फुलांचं पॅन्क्रॅशियम. नव्या वर्गीकरणात हे कुटुंब केव्हाच विभक्त झालं. कळलावी आणि भुईचक्र एका घरात, मुसळी, रानकांदा आणि डिपकाडी शतावरीच्या घरात, गडंबी आणि पॅन्क्रॅशियम तिसऱ्या, तर काळी मुसळी चौथ्या. पेटीतल्या माहितीपत्रावर अजून सगळ्यांना 'लिली कुळ' असंच छापलंय. पाचवीच्या मुलाला त्यानं काही फरक पडत नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात मात्र शिक्षकांनी दुरुस्ती सांगावी.

ट्रंक उघडल्यावर सगळ्यात वर येतात शाडूचे नमुने. एकूण पाच: गडंबीचा कांद्यासारखा पापुद्र्यांचा कंद मधोमध चिरून, भुईचक्राचा भरीव घनकंद, कळलावीचा नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा कंद, मुसळीच्या मुळांचा झुबका आणि काळी मुसळीचा सरळ खाली उतरणारा मूलस्तंभ. पेटीचा जीव यातच आहे. फुलांचे फोटो कुणीही दाखवतं; ही मंडळी वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली असतात आणि तिथंच मारली जातात, हे मुलांच्या हातात देणारं साधन दुसरं पाहण्यात नाही. मुसळीचा नमुना तर फारच विचारानं केलाय. मुळांच्या झुबक्याच्या डोक्यावर एक छोटी चकती आहे आणि ती लोहचुंबकानं सुटी होते. चकतीवर कोंब असतो. नुसतं जाडजूड मूळ लावलं तर ते कुजतं, उगवत नाही. चकतीचा तुकडा सोबत असेल तरच रोप होतं. कळलावीच्या नमुन्यात फाट्याच्या दोन्ही टोकांना लाल ठिपका आहे, तो तिचा डोळा. टोक मोडलं की तो फाटा वाया. रानातून ओरबाडून आणलेली कळलावी बहुतेकदा का जगत नाही, हे एवढ्या एका ठिपक्यानं कळतं.

दोष साहित्याचा. शाडू जुलैच्या हवेत ओल धरतो, कडा भुरभुरतात, आणि तिसऱ्या शाळेपर्यंत पोचेतो मुसळीची दोन मुळं तुटलेली असतात. कुंभार गल्लीत कागदाच्या लगद्याचं काम करणारे कारागीर आहेत. तेच नमुने लगद्यात करून वर दोन हात तैलरंग मारला तर हा प्रश्न मिटेल. तोवर शाळेनं नमुने वर्गात पोरांच्या हातोहात फिरवू नयेत. टेबलावर जुनं पोतं अंथरून, चौघाचौघांना बोलावून दाखवावेत.

खऱ्या कंदाऐवजी नमुना ठेवला, याचं विशेष कौतुक. कळलावीच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन हे विष असतं, कंदात भरपूर, बियांतही. कंद दिसायला रताळ्याच्या जवळचा, बिया लालभडक आणि टपोऱ्या, म्हणजे पोरांनी तोंडात घालायला अगदी सोयीच्या. रताळं समजून खाल्ल्यानं झालेल्या विषबाधा वैद्यकीय नोंदींत आहेत. रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि गडंबीच्या कांद्यानं उलट्या होतात. पेटीत या धोक्याची सूचना आहे, पण माहितीपत्राच्या पाठीमागे, बारीक टाइपात. ती ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पंढरपूरच्या वारीतल्या फलकाएवढ्या अक्षरांत हवी.

ओळखपत्रं चौदा आहेत, वहीच्या निम्म्या आकाराची, लॅमिनेशन केलेली. मराठी नावं ठळक, शास्त्रीय नावं देवनागरीत, फुलण्याचे महिने वर्तुळातल्या रंगानं. मांडणी चांगली. पण लॅमिनेशन कागदाच्या कडेला घासून कापलंय, त्यामुळे पहिल्याच पावसात कोपऱ्यातून पाणी शिरतं आणि शाई पसरते. चारी बाजूंनी किमान ५ मिमी प्लास्टिकची कोरी कड सोडली असती तर हे झालं नसतं. क्यूआर कोडही छापलाय. पठारावर नेटवर्क येतं-जातं, तेव्हा त्यावरचं जे हवं ते शाळेतच उतरवून घ्या.

एका कार्डावर मात्र गंभीर चूक आहे. पॅन्क्रॅशियम म्हणून जो फोटो आहे तो बागेतल्या स्पायडर लिलीचा, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या हायमेनोकॅलिसचा. गोंधळ होणं साहजिक. दोन्ही पांढरी, दोन्हींत पुंकेसरांना जोडणारी पातळ वाटी असते. ओळखायचं कसं? आपलं रानातलं पॅन्क्रॅशियम ठेंगणं, पात अरुंद, गवतात दडलेलं. हायमेनोकॅलिसचा गड्डा मोठा, पानं कमरेएवढी पट्ट्यासारखी आणि एका दांड्यावर फुलांचा गुच्छ. बी लागलं तर शंकाच उरत नाही: पॅन्क्रॅशियमचं काळं कोरडं बी, हायमेनोकॅलिसचं हिरवं, मांसल, जवळजवळ वाटाण्यासारखं. कार्ड बदलून मिळेपर्यंत त्यावर कागद चिकटवून ठेवा. कार्डं नव्यानं छापताना यादव आणि सरदेसाई यांची कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरची २००२ सालची सूची शेजारी ठेवली तर अशा चुका होणार नाहीत. तसंच कोल्हापूरच्या नावानं नोंदली गेलेली क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स ही मुसळीची जात चौदा कार्डांत नाही, हे जरा खटकतंच. आपल्या जिल्ह्याचं नाव जगाच्या यादीत नेणाऱ्या फुलाला आपल्याच पेटीत जागा नसावी?

भिंगं दहापट मोठं दाखवणारी, आठ. चाळीसच्या वर्गाला अपुरी. मुलं भिंग फुलाजवळ नेऊन लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणून कंटाळतात. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फूल किंवा स्वतःचं डोकं पुढे-मागे करायचं, हे आधी वर्गात जास्वंदीवर शिकवून घ्या.

आता फेरी. इथं तारीख चुकली की सगळं चुकतं. बहुतेक शाळा सप्टेंबर मागतात, कारण साताऱ्याच्या कास पठारामुळे 'फुलं म्हणजे सप्टेंबर' हे डोक्यात पक्कं बसलंय. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, कवल्याचे गालिचे असतात. रानलिलींचा हंगाम तोवर उतरलेला असतो. रानकांदा तर पावसाच्या आधीच, एकही पान नसताना, उघड्या रानात दांडा काढून फुलून जातो. वळवाच्या आणि पहिल्या पावसावर गडंबी आणि पॅन्क्रॅशियम येतात. जून-जुलैत मुसळीच्या जाती आणि जमिनीला टेकून उमलणारं काळ्या मुसळीचं पिवळं चांदणीफूल; जुलै-ऑगस्टात गवतात शोधावं लागणारं किरमिजी भुईचक्र आणि फिक्या हिरव्या घंटांची डिपकाडी. कळलावी जुलैपासून गणपतीपर्यंत साथ देते, तीही पठारावर कमी, चढणीच्या झुडपांत आणि कुंपणांवर जास्त. तेव्हा एकच दिवस मिळणार असेल तर जुलैचा तिसरा-चौथा आठवडा मागा. १२-१३ जुलैच्या आसपास टाळा. पन्हाळा-पावनखिंड मोहिमांची रीघ याच पठारावरून जाते. त्या गर्दीत फुलं दिसणं अवघड आणि शाळेची पोरं मोजणं त्याहून अवघड.

फेरीतला सर्वोत्तम भाग शास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नसून गावातल्या रानभाजी आणणाऱ्या बायकांचा आहे. साधारण पाऊण तास त्यांच्याकडे असतो आणि विषय फोडशी. फोडशी म्हणजे मुसळीच्याच भाईबंदांची कोवळी पानं. मावश्या एक जुडी समोर ठेवून निवडून दाखवतात: मुळाकडचा पांढरा चिवट भाग टाकायचा, मधला दांडा टाकायचा, उरलेली पात बारीक चिरून धुवायची, मग मूगडाळ-कांद्यावर परतायची. भाजी करताना जो भाग फेकायचाच आहे त्याच्यासाठी झाड मुळासकट उपटलं जातं, हे पोरांना निवडतानाच दिसतं. कुणी भाषण द्यावं लागत नाही. उपटण्यामागचं बाजाराचं कारणही त्या लपवत नाहीत. मुळासकट जुडी बांधली की ती सुटत नाही आणि मंडईत पोचेपर्यंत टवटवीत दिसते. खुडलेली पात दुपारपर्यंत मान टाकते, मग गिऱ्हाईक हात लावत नाही.

त्यांनी काढलेला उपाय साधा आहे. विळ्यानं जमिनीपासून दोन बोटं वर कापायचं, पात ओल्या फडक्यात गुंडाळून वर पळसाचं पान, आणि जुडी केळीच्या सोपटानं बांधायची. ज्या रोपाला दांडा आलाय त्याला हात लावायचा नाही, कारण त्याचंच बी पडणार. एका ठिकाणची तीनातली दोन कापायची, तिसरं सोडायचं. शहरातल्या पालकांनी यातून घ्यायचं ते एवढंच की कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीच्या मंडईत मुळाशिवायची जुडी दिसली तर ती जरा मलूल असली तरी तीच घ्यावी आणि घासाघीस करू नये. रानातल्या कंदाचं भवितव्य वन खात्याच्या पाटीइतकंच मंडईतल्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे. मावश्यांना या वेळेचं मानधन दिलं जातं; ते दिलं जातं का, हे आवर्जून विचारून घेण्यासारखं. कुठलीही फेरी निवडताना हा प्रश्न पहिला विचारावा.

मोजणीचा कार्यक्रमही चांगला आखलाय. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो, म्हणजे कोपऱ्याचे जोड, झाली एक चौरस मीटरची चौकट. एल्बोला डिंक लावलेला नाही, त्यामुळे चौकट सुटी करून पिशवीत जाते. दोरीनं ठरवलेल्या रेषेवर दर वीस पावलांना ती ठेवायची आणि आतल्या मुसळी, भुईचक्र, डिपकाडी मोजायच्या, फुललेल्या वेगळ्या, नुसत्या पानांच्या वेगळ्या. दोन ठिकाणी चुकतं. एक, पोरं चौकट फुलं दिसतील तिथंच ठेवतात आणि आकडा फुगतो. म्हणून ठेवणाऱ्यानं पावलं मोजायची, फुलांकडे बघायचं नाही. दुसरं, फुलं नसलेली रोपं गवत समजून सोडली जातात. भुईचक्राचं पान गवतासारखंच दिसतं, फूल नसताना ते नवशिक्याला ओळखू येत नाही, तेव्हा त्याचा पानांचा रकाना मुलांकडून भरून घेऊच नये. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा.

भरलेली नोंदपत्रकं गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जातात. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला अशी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेलेली असते. दरवर्षी त्याच रेषेवरची मोजणी तिला जोडली गेली तर तिचा उपयोग होतो. मसाई पठाराला २०२२ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय, तेव्हा अशा नोंदींना वजनही आहे. फक्त दुर्मीळ जातीच्या फोटोसोबत नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. कंद गोळा करणारेही तेच फोटो बघतात. ही सूचना फेरीत तोंडी दिली जाते, लेखी हवी.

एका वाटाड्यामागे चाळीस मुलं, ही फेरीची सगळ्यात मोठी उणीव. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम चार बोटांचा, आणि सगळे कंद त्यातच. पावसात ती माती लोण्यासारखी मऊ असते. बुटाची टाच कोंबावर पडली की त्या वर्षाचं पान गेलं, पान गेलं की कंदात साठा नाही, आणि पुढच्या वर्षी फूल नाही. म्हणून उघड्या कातळावरून, एकामागे एक चालायचं. हिरवळीत शिरायचं नाही. पंधरा जणांना एक वाटाड्या हे प्रमाण ठेवा. शाळेनं चाळीसच्या वर्गाच्या तीन तुकड्या करून वेगवेगळे दिवस मागावेत, मिळतात. गाडी पठारावर चढवायचा आग्रह धरणाऱ्या पालक-प्रतिनिधीला मसाई देवीच्या मंदिराच्या अलीकडेच उतरवा. चाकोऱ्यांत पाणी तुंबतं, वाहण्याची दिशा बदलते आणि एका चाकोरीमुळे आजूबाजूचा मोठा पट्टा कोरडा पडतो. गुरांचा बाऊ मात्र कुणी करू नये. बहुतेक कंद गुरं खात नाहीत, उलट गवत खाल्ल्यानं या ठेंगण्यांना ऊन मिळतं. कासला घातलेलं कुंपण पुढे काढावं लागलं, त्या वादात हा मुद्दाही होताच.

आता ती पाकिटं. निरोपाला प्रत्येक मुलाला कळलावीच्या पाच बिया आणि 'रान लिली'चा एक कंद मिळतो. हेतू चांगला, पण चार आक्षेप आहेत. विषारी बी दहा वर्षांच्या पोराच्या खिशात देऊ नये, हा पहिला. शिवाय कळलावीचं बी उगवायला कटकटीचं, उगवलंच तर फुलायला तीन-चार वर्षं घेणारं. पहिल्या वर्षी एक पातळ कोंब येतो, वाळतो, आणि घरचे झाड मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. बी कुठलं हाही प्रश्न आहे. तमिळनाडूत औषधासाठी कळलावीची मोठी शेती होते आणि बाजारातलं बी बहुतेक तिथलं. ते घाटाच्या कडेला नेऊन लावण्यात शहाणपण नाही. आणि ती 'रान लिली' म्हणजे झेफिरँथस, नर्सरीत पावसाळी लिली म्हणून मिळणारी गुलाबी फुलांची अमेरिकन पाहुणी. गॅलरीत छान दिसते. पण संवर्धनाच्या कार्यक्रमात तिला रानातली म्हणून वाटलं की पुढच्या वर्षी कुणीतरी उत्साही मंडळ तीच पठारावर लावून येणार.

त्याऐवजी शाळेत चार कुंड्या करा. लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून चकतीसकट सफेद मुसळी घ्या, रानातून आणलेली नको. बारा इंची कुंडी, तळाशी खापराचे तुकडे, वर जांभ्याची बारीक खडी, पालापाचोळ्याचं खत आणि माती समप्रमाणात. जूनच्या पहिल्या आठवड्यात चकती वर ठेवून दोन इंच खोल लावा. पाऊस असेतो पाणी नको. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद, आणि कुंडी वळचणीला कोरड्या जागी. शाळांत मुसळी मरते ती इथंच: दिवाळीनंतर शिपाईमामा रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला रोज इमानेइतबारे पाणी घालतात आणि मुळं कुजतात, किंवा सुट्टीतल्या साफसफाईत माती ओतून टाकली जाते. कुंडीवर ऑइलपेंटनं लिहा: 'कंद झोपलाय, जूनपर्यंत पाणी नाही.'

ज्यांना फेरी जमणार नाही त्यांनी नुसती पेटी मागवून शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान जोडून घ्यावं. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ वनस्पती, त्यांत कंदवर्गीयही, तिथं जपलेल्या आहेत. आधी वनस्पतिशास्त्र विभागाकडे लेखी परवानगी मागावी.

पेटीची नोंदणी मेमध्येच करा, जुलैच्या तारखा लवकर जातात. ट्रंक ताब्यात घेताना नमुने पाच, कार्डं चौदा, भिंगं आठ, एल्बो चार असं मोजून सही करा. एल्बो हमखास एक कमी निघतो, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. नोंदपत्रकाची एकच प्रत येते, झेरॉक्स आधी काढून ठेवा आणि लिहायला पेन्सिली न्या, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही.